घर घेण्यापूर्वीं दप्तर वाचावें

आपल्या मासिकांत बियाणें, खतें, पाणी व बाजारभाव यांविषयीं नेहमीं लिहून येतें, आणि तें योग्यच आहे. परंतु बहुतेक शेतकऱ्यांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठी खरेदी घराची असते, आणि तिच्याविषयीं मात्र कोणी चार शब्द लिहीत नाहीं. मुलांच्या शिक्षणासाठीं तालुक्याच्या गांवीं घर घ्यावें, भूसंपादनाचा मोबदला आला आहे तो स्थावरांत गुंतवावा, किंवा भाऊ विभक्त झाले म्हणून गांवांतच दुसरें घर पाहावें, असे प्रसंग अलीकडे घरोघर येतात. महसूल कचेरींत कारकुनी करण्यांत माझा जन्म गेला. तेथें कपाळाला हात लावून येणारे जे लोक मीं पाहिले, त्यांतील पुष्कळांचें घर चांगलें होतें, कागद वाईट होता. म्हणून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

बाजारांत बैल घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, त्यास चालवून पाहतों, त्याच्या मानेवर जूं ठेवून पाहतों, आणि शक्य झाल्यास विकणाऱ्याच्या गांवीं चौकशीही करतों. तोच शेतकरी बैलाच्या कित्येक पट किंमतीचें घर एका दुपारीं दलालाबरोबर जाऊन पाहतो आणि संध्याकाळीं विसार देऊन मोकळा होतो. विचारलें तर म्हणतो, “माणूस ओळखीचा आहे.” माणूस ओळखीचा असला म्हणजे त्याचा कागद ओळखीचा होतो असें नाहीं.

पहिला प्रश्न असा कीं, विकणारा हा मालक आहे काय? ह्या प्रश्नाचें उत्तर घरपट्टीच्या पावतींत मिळत नाहीं. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, ज्यास आपण घराचा उतारा म्हणतों, तो कर आकारणीसाठीं ठेवलेल्या नोंदवहीचा उतारा होय. कर कोणाकडून वसूल करावयाचा एवढेंच तो सांगतो. विजेचें बिल तर त्याहून दुबळें. तें भाडेकरूच्या नांवेंही असूं शकतें. गांवठाणावर शेतसारा नसल्यामुळें तेथील घरांची शेतांप्रमाणें मोजणी पुष्कळ गांवीं झालीच नव्हती, आणि ह्याच उणीवेंतून पिढ्यान् पिढ्या तंटे वाढले. इ. स. २०२० पासून स्वामित्व योजनेखालीं ड्रोनच्या साह्यानें गांवठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होऊं लागल्या आहेत. ज्या गांवीं हें काम पुरें झालें असेल तेथें मिळकत पत्रिका पाहिल्यावांचून बोलणें पुढें नेऊं नये. शहरांत तर नगर भूमापनाची मिळकत पत्रिका हा पहिला कागद समजावा.

जागा शेतजमिनींतून पडलेली असेल तर सातबारा पाहावा, आणि तो विकणाऱ्यानें दिलेली झेरॉक्स प्रत म्हणून न घेतां स्वतः काढावा. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा आतां थोडक्या फींत घरबसल्या मिळतो; तेवढाही खर्च वाचविणें म्हणजे दमडीसाठीं रुपया घालविणें होय. उताऱ्यावर मालकाचें नांव वाचून थांबूं नये. “इतर अधिकार” हा रकाना सर्वांत महत्त्वाचा. सोसायटीचा व बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, पाटबंधाऱ्याचें किंवा पुनर्वसनाचें बंधन, सर्व त्या अरुंद रकान्यांत दाटीवाटीनें बसलेलें असतें. तसेंच धारणाधिकार भोगवटादार वर्ग २ असा असेल तर ती जमीन सरकारी परवानगीवांचून हस्तांतरित करतां येत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. सातबाऱ्यावरील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी असें महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ सांगतो. परंतु मालकीचा अखेरचा निवाडा दिवाणी न्यायालय करतें. यास्तव उताऱ्याच्या मागील फेरफारही काढून वाचावेत. मालकाच्या नांवाखालीं जो फेरफार क्रमांक असतो, तोच त्या जागेचा इतिहास सांगतो.

याउपर दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील सूची क्रमांक दोनचा मागील तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा. त्यांत विक्री, गहाण, बक्षीसपत्र असे नोंदलेले दस्त सांपडतात. त्या जागेसंबंधीं दावा चालू आहे काय, हेंही वकिलास विचारावें. कारण दावा चालू असतां घेतलेलें घर त्या दाव्याच्या निकालास बांधलेलें असतें.

दुसरी गोष्ट वारसांची. ह्यांत आपले लोक जेवढे चुकतात तेवढे कशांतच चुकत नाहींत. बाप वारल्यावर घर थोरल्या भावाच्या नांवें लागतें, बहिणी सासरीं असतात, आणि त्यांस विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. इ. स. २००५ च्या दुरुस्तीनें हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. आणि बाप २००५ सालीं हयात असणें त्यासाठीं आवश्यक नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२० मध्यें स्पष्ट केलें. एका प्रकरणांत दोघां भावांनीं वडिलार्जित घर विकलें, घेणाऱ्यानें त्यावर माडी चढविली, आणि मग तिघी बहिणींनीं वाटणीचा दावा लावला. घेणारा कचेरींत येऊन म्हणत असे कीं, “मीं तर पुरे पैसे मोजले.” मोजले खरे, परंतु पांच हिस्सेदारांच्या घराचे पैसे त्यानें दोघांस मोजले. बहिणींच्या सह्या आधीं घेतल्या असत्या तर कदाचित् किंमत थोडी वाढली असती, आणि कज्जा मिटला असता. अज्ञान मुलाच्या स्वतःच्या मालकीचें स्थावर हिंदू पालकासही न्यायालयाच्या परवानगीवांचून विकतां येत नाहीं, हेंही येथेंच सांगून ठेवतों.

तिसरी गोष्ट दस्ताची. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किंमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेंच होते, हा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चा नियम आहे. असें असतां नोटरीपुढें केलेल्या कागदावर घरें घेण्याची चाल खेड्यापाड्यांतून अद्याप सुटत नाहीं. नोटरीचा शिक्का सही कोणी केली तें सांगतो. त्यानें मालकी बदलत नाहीं. साठेखत हा पुढें खरेदी देण्याचा करार आहे, खरेदी नव्हे. कुलमुखत्यारपत्र घेऊन “घर तुमचेंच झालें” असें कोणी म्हटल्यास त्यावर भरंवसा ठेवूं नये. अशा कागदांनीं मालकी जात नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं दिला आहे. मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठीं दस्तांत किंमत कमी लिहून बाकीची रोख देण्याचा सल्ला दलाल देतात. त्यांत धोका घेणाऱ्याचा. व्यवहार फिसकटला तर लिहिलेल्या रकमेपलीकडे एक पैसाही सिद्ध करतां येत नाहीं. शिवाय स्थावराच्या व्यवहारांत वीस हजार रुपये वा अधिक रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्यानें २०१५ पासून मनाई केलेली आहे. पैसा बँकेतून द्यावा आणि प्रत्येक रकमेचा उल्लेख दस्तांत करवावा.

चौथी गोष्ट गुंठेवारीची. हीविषयीं मला दोन्ही बाजूंस बोलावयाचें आहे. कारण आपल्या वाचकांत घेणारे आहेत तसे विकणारेही आहेत. शहराजवळच्या शेताचे दोरी धरून तुकडे पाडावयाचे, चुन्यानें रस्ते आंखावयाचे आणि गुंठा गुंठा विकावयाचा, हा धंदा सर्वत्र बोकाळला आहे. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यावर घर बसतें, पण नकाशा मंजूर नसेल तर तें कागदावर बसत नाहीं. शेतजमिनीचे बारीक तुकडे होऊं नयेत म्हणून १९४७ सालीं तुकडेबंदीचा कायदा झाला. त्यांत पुढें वेळोवेळीं सवलती मिळाल्या आहेत. परंतु उद्यां सवलत मिळेल ह्या आशेवर आज घर घेणें शहाणपणाचें नाहीं. मंजूर रेखांकन आणि अकृषिक वापराचा कागद दाखवितां येत नसेल तर त्या भूखंडाकडे पाठ फिरवावी. चुन्याचा रस्ता पहिल्या पावसांत वाहून जातो आणि त्याजागीं शेजाऱ्याचें कुंपण उभें राहतें.

सदनिका घेणारांनीं निराळी खबरदारी घ्यावी. १ मे २०१७ पासून महारेराचें काम सुरू झालें आहे. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक मागावा आणि त्यांच्या संकेतस्थळावर तो स्वतः तपासावा. नोंदणीकृत करार होईपर्यंत किंमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बांधणाऱ्यास घेतां येत नाहीं. चटई क्षेत्र किती तेंच विचारावें. जिना व गच्ची मिळवून फुगविलेल्या आंकड्यास भुलूं नये. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलें नसेल तर राहावयास जाण्याची घाई करूं नये.

कागद उतरला म्हणजे मग घर पाहावें, आणि तें पावसाळ्यांत पाहावें. चैत्रांत प्रत्येक घर कोरडें असतें. श्रावणांत भिंतीस ओल किती चढते, अंगणांत पाणी किती तुंबतें, हें आपोआप दिसतें. काळ्या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्यास सांगावयास नको. ती पावसानें फुगते व उन्हानें भेगाळते, आणि पाया मुरुमापर्यंत नेला नसेल तर भिंतही तिच्याबरोबर हलते. तिरप्या तड्यांवर नुकता रंग दिलेला आढळल्यास कारण विचारावें. नदीकांठच्या गांवीं पाटबंधारे खात्याच्या निळ्या व लाल पूररेषा नकाशावर पाहाव्यात. पंचगंगा व कृष्णा यांच्या कांठच्या लोकांनीं २००५, २०१९ व २०२१ सालीं जें सोसलें, त्यानंतर तरी ह्या रेषांकडे दुर्लक्ष करण्यास कोणासही सबब उरलेली नाहीं. दस्तांतील चतुःसीमा जागेवर जुळवून पाहाव्यात, आणि शंका असल्यास भूमि अभिलेख खात्याकडून मोजणी करवावी.

आतां पैशाविषयीं माझें मत स्पष्ट सांगतों. ज्या घरासाठीं विहिरीची जमीन विकावी लागते, तें घर घेऊं नये. घरानें आसरा मिळतो, परंतु दाणा पिकत नाहीं. कर्ज काढून घ्यावयाचें तरी हिशेब मांडून घ्यावें. वीस लाख रुपये नऊ टक्के व्याजानें वीस वर्षांसाठीं घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारें अठरा हजारांचा पडतो, आणि एकंदर फेड त्रेचाळीस लाखांवर जाते. उसाचें बिल किंवा सोयाबीनची पट्टी हंगामाला येते. हप्ता मात्र दर महिन्यास येतो, आणि तो पाऊस पडला कीं नाहीं हें विचारीत नाहीं. घरांत नोकरीचा पगार येत नसेल तर हप्त्याचें ओझें शेतावर घालूं नये. घर शक्य तर पत्नीच्या नांवें घ्यावें. स्त्रीच्या नांवें राहतें घर घेतल्यास महाराष्ट्रांत १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कांत एक टक्का सवलत आहे. तीस लाखांच्या घरावर ती तीस हजारांची होते. परंतु सवलत नसती तरी मीं हाच सल्ला दिला असता. धन्याच्या मागें घरच्या लक्ष्मीस दिराच्या दारांत उभें राहण्याची पाळी येऊं नये, एवढी तरतूद त्यानें हयातींत करावी.

खरेदी झाली म्हणजे काम संपलें असें समजूं नये. नोंदणी कचेरींतून वर्दी जाते खरी, तथापि फेरफाराची नोटीस लागली काय, पंधरा दिवसांत हरकत आली काय आणि नोंद प्रमाणित झाली काय, हें स्वतः जाऊन पाहावें. दस्त ट्रंकेंत ठेवून स्वस्थ बसलेले आणि वीस वर्षांनीं जुन्याच मालकाचें नांव उताऱ्यावर पाहून हादरलेले लोक कचेरींत नेहमींचे आहेत.

कोणी म्हणेल कीं, एवढी चौकशी केली तर विकणाऱ्यास अपमान वाटेल. मला तसें वाटत नाहीं. ज्याचा कागद स्वच्छ आहे तो दप्तर अभिमानानें पुढें ठेवतो. ज्यास राग येतो त्याच्या रागाचें कारण दप्तरांतच असतें. शेवटीं एक सूचना करतों. आपल्या संघानें महिन्यांतून एक दिवस, बाजाराच्या दिवशीं, अनुभवी माणसें बसवून सभासदांचे कागद वाचून देण्याची सोय करावी. माती तपासून देण्यानें जसें खत वांचतें, तसा कागद तपासून देण्यानें कज्जा वांचेल. ह्या कामासाठीं माझ्यासारखे निवृत्त कारकून प्रत्येक तालुक्यांत आहेत, आणि त्यांच्यापाशीं वेळही आहे.