लिमिटेड काय हवं, कव्हर की गाणं?

माझ्या टेबलावर एक पारदर्शक रेकॉर्ड भिंतीला टेकून उभी आहे. स्टिरिओलॅबचा ‘डॉट्स अँड लूप्स’ हा १९९७चा अल्बम २०१९ साली पुन्हा निघाला, त्यातली ही लिमिटेड एडिशन. मेसचे पैसे उधार ठेवून मागवली. रूममेटने पाहिली आणि विचारलं, ‘वाजवणार कशावर? ताटावर?’ कारण आमच्याकडे रेकॉर्ड प्लेयरच नाही!

तर स्टिरिओलॅब. टिम गेन आणि फ्रेंच गायिका लेटिशिया सादिए यांनी १९९० साली लंडनमध्ये सुरू केलेला बँड. जुने ऑर्गन, मूग सिंथेसायझर, तासन्‌तास एकाच ठेक्यावर चालेल असं वाटणारा ड्रम आणि वर अगदी शांत, जवळजवळ निर्विकार आवाज. साठच्या दशकात कुणी दोन हजार सालाचं स्वप्न पाहिलं असेल, तर त्याला बॅकग्राउंड म्युझिक हेच असणार. पण गोडवा ऐकून फसू नका. १९९४चं ‘पिंग पाँग’ हे गाणं तर चक्क तेजी, मंदी आणि युद्ध या चक्राची खिल्ली उडवतं.

आता गंमत बघा. बाजारावर अशी टीका करणारा हा बँड स्वतः मात्र कमी कॉपींच्या रेकॉर्ड्स काढण्यात पटाईत. डुओफोनिक हे त्यांचं स्वतःचं लेबल. काही सिंगल्स तर फक्त टूरवर विकलेले. संपले की संपले. मग हा दुटप्पीपणा नाही का?

मला तसं वाटत नाही. कारण १९९२पासून ‘स्विच्ड ऑन’ या मालिकेत त्यांनी अशीच विखुरलेली गाणी गोळा करून सगळ्यांसाठी काढली. १९९५ला दुसरा भाग, १९९८ला तिसरा, मग २०२१ आणि २०२२ला आणखी दोन. नर्स विथ वूंडबरोबर १९९७ साली केलेलं ‘सिंपल हेडफोन माइंड’ त्या शेवटच्या भागात आहे. मी ते पीएमटीच्या बसमध्ये, स्वस्तातल्या इअरफोनवर ऐकलं. तबकडी ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे राहू दे ना, गाणं माझ्याकडे आलं.

याच्या अगदी उलटं टोक म्हणजे जाँ-मिशेल जार. १९८३ साली त्याने एका अल्बमची एकच कॉपी काढली, पॅरिसमध्ये लिलाव केला आणि मास्टर टेप नष्ट केल्या. रेडिओवर तो एकदाच वाजवला गेला. म्युझिक इंडस्ट्रीच्या धंदेवाईकपणाचा निषेध म्हणून केलं होतं हे सगळं, आणि कल्पना म्हणून भारीच आहे. पण हातात काय उरलं? एका माणसाकडे रेकॉर्ड, आणि बाकी जगाकडे रेडिओवरून टेप केलेली खरखर. निषेध बाजाराचा आणि शिक्षा ऐकणाऱ्याला, हे काही पटत नाही बुवा.

छोट्या बँडकडे हजारो कॉपी छापायला पैसे नसतात, हे मान्य. तीनशेच काढा. कव्हर हाताने रंगवा, नंबर टाका, जास्त पैसे घ्या. हौशी लोक देतील, मीही देईन (मेसवाल्या काकूंची माफी मागून). पण जे गाणं फक्त त्या तीनशे जणांनाच मिळेल आणि पुढे कधीच कुणाला नाही, असं मुद्दाम ठरवून केलं, की तिथे माझं बिनसतं. मग ते ऐकण्यापेक्षा राखण्याची गोष्ट होते. प्लॉटसारखी.

परवा एकाने माझ्या रेकॉर्डला दुप्पट पैसे देऊ केले. त्याचा एकच प्रश्न होता, ‘सील फोडलंय का?’ गाण्यांबद्दल चकार शब्द नाही. उधारी आठवली, पाच मिनिटं मनाची चलबिचल झाली.

रात्री मी सील फोडलं. खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडे जुना प्लेयर आहे म्हणे. सुई तेवढी बदलावी लागेल.