खाड्यांवरून आखलेला प्रवास
रेवस ते रेडी हा कोकणातला सागरी मार्ग सायकलने करायचा, तर आखणी खाड्यांपासून सुरू होते. आगरदांडा–दिघी, वेशवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड येथील फेरीबोटी रस्त्याचा मोठा वळसा वाचवतात. म्हणून रोजचा टप्पा त्यांच्या वेळांशी जुळवावा लागतो. नकाशावर जवळ दिसणाऱ्या दोन गावांमध्ये अनेकदा जांभ्याचा सडा आडवा येतो, त्यामुळे अंतराइतकाच चढही मोजावा लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. या दिवसांत दुपारचा समुद्री वारा बहुधा वायव्येकडून येतो, म्हणून उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणे हलके पडते. मोबाइलची रेंज सगळीकडे मिळत नाही. छापील नकाशा सोबत असावाच.