विश्लेषण : ‘आजीवन वॉरंटी’चा रॉड नागपुरात मोडला, तर?

फ्लाय फिशिंगच्या उंची रॉडची किंमत हजार डॉलरच्या घरात, म्हणजे ऐंशी-नव्वद हजार रुपये असते. सोबत बहुतेकदा आयुष्यभराची हमी मिळते. पण दुरुस्ती सातासमुद्रापलीकडे होणार असेल, तर नागपूरच्या ग्राहकासाठी या हमीचे मोल किती?

हा रॉड इतका महाग का?

भंडारा-गोंदियाच्या मामा तलावांवर गळ टाकणाऱ्याचे काम साध्या बांबूच्या काठीवर भागते, कारण तिथे गळाला वजन असते. फ्लाय फिशिंगमध्ये आमिष म्हणजे पिसे आणि दोरा बांधून केलेली खोटी माशी. तिला जवळपास वजनच नसते. वजन असते ते दोरीला, आणि ती दोरी दूर फेकायचे काम रॉडच्या लवचीकपणावर अवलंबून असते. त्यामुळे तीर्थन नदीवर ट्राउटसाठी किंवा रामगंगेवर महसीरसाठी जाणारा हौशी माणूस रॉडवर पैसे घालायला तयार होतो.

१९व्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत उत्तम रॉड ‘कलकत्ता केन’ नावाच्या भारतीय बांबूच्या पट्ट्या जोडून बनत. हा बांबू म्हणजे आपल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलातील मानवेलाची जात, असे मानले जाते. पुढे दक्षिण चीनच्या ‘टोंकिन’ बांबूने त्याची जागा घेतली आणि १९७३ मध्ये ‘फेनविक’ कंपनीने कार्बन तंतूंचा रॉड बाजारात आणला. आजचे महाग रॉड कार्बनचेच असतात.

मग मोडतो कशामुळे?

कार्बनची नळी हलकी आणि ताकदवान असते, पण तिला टोचा सहन होत नाही. जड माशी आपटली, गाडीच्या दारात टोक अडकले, मासा ओढताना रॉड गरजेपेक्षा उभा धरला, की तो मोडतो. अशा वेळी दोष कारखान्याचा की वापरणाऱ्याचा, हे सांगणे अवघड असते. बांबूची काठी कुशल कारागीर दुरुस्त करू शकत असे. कार्बनच्या नळीला जोड देता येतो, पण तिचा लवचीकपणा बदलतो. तसाच तुकडा हवा, तर तो मूळ कंपनीच देऊ शकते. म्हणजे दर्जा वाढला, तसा ग्राहक कंपनीला अधिक बांधला गेला.

‘आजीवन’ म्हणजे कोणाचे आयुष्य?

‘सेज’ आणि ‘विन्स्टन’ या अमेरिकी कंपन्यांची हमी मूळ मालकापुरती असते. जुना रॉड विकत घेणाऱ्याला ती लागू होत नाही. ‘ऑर्व्हिस’ने २५ वर्षांच्या हमीवर नाव कमावले. या हम्या खोट्या नाहीत. अमेरिकेतला ग्राहक ठरलेले हाताळणी शुल्क भरतो आणि तुकडा बदलून घेतो. मात्र हा खर्च रॉडच्या किमतीतच आगाऊ धरलेला असतो, हा आक्षेप रास्त आहे.

नागपूरचा ग्राहक तीच किंमत मोजतो. त्यावर जाण्या-येण्याचे कुरिअर, सीमाशुल्काची कागदपत्रे आणि शुल्क येते. हे सगळे एका टोकाच्या तुकड्यासाठी. म्हणजे हमीचे पैसे त्याने पूर्ण भरलेले असतात आणि सेवा मात्र अर्धीच मिळते. अन्याय नेमका इथे आहे.

कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ग्राहकाच्या बाजूने बरेच काही देतो. विक्रेत्याने वस्तूबद्दल केलेला दावा पुरा झाला नाही, तर तो ‘दोष’ ठरू शकतो. कलम २(४७) त्याहून पुढे जाते. जी हमी किंवा दुरुस्तीचे जे आश्वासन दिशाभूल करणारे आहे, किंवा जे पाळले जाण्याची वाजवी शक्यताच नाही, ते देणे ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे. भारतात दुरुस्तीची कोणतीही सोय नसताना ‘लाइफटाइम वॉरंटी’चा फलक लावून विकणाऱ्या दुकानदाराला हे कलम लागू झाले पाहिजे, असे आमचे मत आहे.

तक्रारीसाठी मुंबई-दिल्ली गाठावी लागत नाही. ग्राहक जिथे राहतो, तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे नागपूरकरांना नागपुरातच, दाद मागता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रार शुल्क नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो.

अडचण एकच. दाद कोणाविरुद्ध मागायची? परदेशातून नातेवाइकाने आणलेल्या किंवा तिकडच्या दुकानातून मागवलेल्या रॉडच्या मागे भारतात कोणीच उभे नसते. आदेश मिळाला, तरी तो बजावायचा कोणावर, हा प्रश्न उरतो.

खरेदीआधी काय पाहावे?

- भारतातील विक्रेत्याचे पक्के बिल घ्या. त्यावर रॉडचा अनुक्रमांक लिहून घ्या.
- वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता पाहा. आयात केलेल्या वेष्टित मालावर तो छापणे बंधनकारक आहे.
- तीन प्रश्न लेखी विचारा : मोडलेला तुकडा कुठे पाठवायचा, खर्च कोण करणार, किती दिवसांत मिळणार? व्हॉट्सअ‍ॅपवरचे उत्तरही जपून ठेवा.
- ऑनलाइन घेतल्यास तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायला हवे.
- उत्तरे गोलमोल असतील, तर मध्यम किमतीचा रॉड आणि टोकाचा एक जादा तुकडा घेणे अधिक शहाणपणाचे.

सरकारने काय करावे?

केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू केले. त्यात शेती अवजारे, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने हे चार विभाग आहेत. क्रीडासाहित्य त्यात नाही. मासेमारीचे रॉड घेणारे थोडेच, हे खरे. पण महागडी सायकल, दुर्बीण, कॅमेऱ्याचा ट्रायपॉड घेणाऱ्याचीही हीच गत होते. छापील किमतीशेजारी ‘दुरुस्ती कुठे, किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने’ एवढी एक ओळ आयातदाराने छापावी, असा नियम सरकारने करावा. ज्याला ती ओळ लिहिता येत नाही, त्याने ‘आजीवन’ हा शब्दही छापू नये.