कुलपापेक्षा भाडेकरू बरा

मंगळवेढ्यात भाड्याने जागा बघायला निघालं की दोन तऱ्हेची घरं दिसतात. नव्या कॉलन्यांत स्लॅबची, टाइल्सची, दुचाकी लावायला जागा असलेली. आणि गावठाणातल्या जुन्या गल्ल्यांत दगडी वाडे. त्यातल्या कितीतरी दारांना कुलूप, आणि कुलपाला गंज. मी बार्शीची. इथे कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे पगार कधी होईल ते संस्था जाणे आणि सरकार जाणे. त्यामुळे वाड्यातल्या दोन खोल्या, पुढचा सोपा आणि परसातल्या आडाचं वापरायचं पाणी महिना अडीच हजारांत मिळतंय म्हटल्यावर मी जास्त विचार केला नाही. जुन्या वाड्याचं कौतुक पुण्याहून कॅमेरे घेऊन येणारे करतात. मी तिथे राहते ते परवडतं म्हणून.

पण माळवदाखाली राहणं म्हणजे नुसतं भाडं भरून मोकळं होणं नाही. खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या, त्यावर पाला आणि वर हातभर माती, असं हे छत. पाऊस कमी पडणाऱ्या मुलखासाठी कुणीतरी डोकं लावून काढलेली युक्ती. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला तरी माझ्या खोलीत दुपारी डोळा लागतो. मात्र त्या मातीला दरवर्षी माणूस लागतो. मिरगाच्या आधी वर चढून गवत उपटायचं, उंदरांची बिळं बुजवायची, नवी पांढरी माती पसरून धुम्मसाने चोपायची, पन्हाळीत अडकलेला कचरा काढायचा. पाऊस सुरू झाला की छताच्या झरोक्यावर पत्र्याचा तुकडा ठेवायचा आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दगड. एवढं झालं तर घर पिढ्यान्‌पिढ्या उभं राहतं. दोन पावसाळे कुणी वर गेलं नाही, तर पिंपळ उगवतो, पाणी मुरतं, तुळईचं टोक भिंतीत कुजतं. आमच्या शेजारचा वाडा असाच बसला. त्यात कुणी राहत नव्हतं म्हणून तो पडला. लोक मात्र सांगतात, पडायला आला होता म्हणून कुणी राहत नव्हतं.

मग कुलूप का लावतात? आमच्या घरमालकीण काकूंना विचारा. मी आले त्या दिवशीच म्हणाले, "काकू, करार करून घेऊ." त्या म्हणाल्या, "लिहायला कशाला पायजे बाई? घरच्यासारखं राहा की." पावती मागितली तर तोंड आणखी लहान झालं. पुढे कधीतरी चहा पिताना मनातलं बाहेर आलं: "उद्या कूळ लागलं म्हंजे?" त्यांच्या सासऱ्यांची जमीन कूळकायद्यात कुळाकडे गेली होती. 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन कसणाऱ्याच्या घरी सणासारखा होता, वाड्यात त्याचं सुतक. जमीन कसणाऱ्याकडे जायलाच हवी होती, हे मी काकूंपुढे बोलत नाही. पण शेतातलं कूळ वेगळं आणि घरातला भाडेकरू वेगळा, हे सांगून सांगून मी थकले.

भीती अगदीच खोटी नाही, हेही खरं. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या आकड्याला बांधून टाकली. पुण्यामुंबईच्या वाड्या-चाळींत माणसाच्या दोन पिढ्या गेल्या, रुपये तेच राहिले. मालकाने त्या पैशात दुरुस्ती काय करायची? त्याने ती केली नाही. तिथलं ऐकून इथल्या माणसाने कुलूप घेतलं.

गंमत अशी, की 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने डाव उलटा मांडलाय. कलम 55 म्हणतं, करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. केला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नोंदलेला कागद नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे ज्या भीतीपोटी काकू कागद टाळतात, ती भीती कागद टाळल्यानेच खरी होऊ शकते. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवला आणि मुदत संपूनही माणूस उठला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट भाडं मागता येतं. हे कुणी सांगत नाही. इथे कायदा पारावर शिकतात.

दुरुस्तीचं कलम 14 तर मी वहीत उतरवून ठेवलंय. मालकाने दुरुस्ती केली नाही, तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. माझ्या हिशोबाने साडेसात हजार. वेळेवर हात लावला तर माळवदाची माती आणि गड्यांची मजुरी तेवढ्यात बसते. तुळई मोडल्यावर नाही बसत. 2021 च्या केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यातही कामांची वाटणी केलेली आहे. रंगरंगोटी आणि वायरिंग मालकाकडे, नळाची किरकोळ कामं आणि गटार साफ करणं भाडेकरूकडे. त्या यादीत माळवद नाही. यादी करणाऱ्यांच्या डोक्यावर स्लॅब असणार.

मुंबईत जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ तरी आहे, ते कसं का चालेना. तालुक्याच्या गावात पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक घराची नोटीस निघते ती उताऱ्यावरच्या नावांना. ती नावं पुण्यात, पिंपरीत, एखादं स्वर्गात. खाली झोपणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. याच गावात 1338 साली गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा मजुरांसकट तिच्याखाली गेले. त्यांची समाधी पंढरपुरात आहे, भिंत कुणाच्या हलगर्जीने पडली याची नोंद कुठेच नाही. 1993 ला किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं यांच्याखाली हजारो माणसं गेली, तेव्हापासून आमच्या भागात माळवद म्हटलं की लोक आधी वर बघतात. 2020 च्या ऑक्टोबरातल्या पावसात मीही रात्रभर वर बघत होते. पन्हाळ तुंबली होती. काकूंच्या मुलाला फोन केला तर म्हणाला, "पुढच्या वर्षी पत्रे टाकू." शेवटी काकूंनी शिडी धरली आणि मी वर चढले.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. नगरपरिषदेने अनुदान द्यावं, वारसा फेरी काढावी, असलं काही मी म्हणत नाही. घरपट्टीच्या बिलासोबत एक साधा मराठी नमुना-करार द्यावा. त्यात तीन गोष्टी छापलेल्या असाव्यात: भाडेकरूला मालकी लागत नाही, माळवदाचं वार्षिक काम कुणी करायचं, आणि त्याचा खर्च भाड्यातून किती वळता होईल. धोकादायक घराच्या नोटिशीची एक प्रत राहणाऱ्याच्या हातात द्यावी. आणि जो मालक रिकामा वाडा करार नोंदवून भाड्याने देईल, त्याला त्या वर्षी घरपट्टीत थोडी सूट. बंद वाडा पडला की ढिगारा उपसायला पालिकेलाच जावं लागतं.

आमचा मसुदा मी स्वतः लिहून काढलाय. काकूंनी दोनदा वाचून घेतला. "मालकी लागत नाही" या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि ती ओळ पहिली घ्या म्हणाल्या. घेतली. उताऱ्यावर पाच नावं आहेत. तिघांच्या सह्या झाल्या, चौथे दिवाळीला येतो म्हणालेत, पाचव्यांचा फोन लागत नाही. मिरगाच्या आधी मातीची ट्रॉली मात्र मी सांगून ठेवली आहे.