हिरवं रक्त

२०२० च्या सप्टेंबरात ‘पबजी मोबाइल’वर बंदी आली. २०२१ च्या जुलैत तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावानं परतला. रक्त हिरवं, ‘किल’च्या जागी ‘फिनिश’, अठराच्या आतल्यांना दिवसाला तीनच तास. पालक निर्धास्त झाले.

मी भाषांतरकार आहे. असलं भाषांतर कुणी आणून दिलं असतं तर मी परत पाठवलं असतं. बंदूक तीच, नेम तोच, कोसळणारा माणूस तोच. (मराठीत तर ‘संपवला’ हे ‘मारला’पेक्षाही थंड आहे.)

उलट ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ पोरांच्या हाती देऊ नये, असं सगळे सांगतात. अमेरिकेत तो सतरापुढच्यांसाठीच आहे. पण तिथं शत्रू पडला की त्याचा सोबती त्याच्या नावानं हंबरडा फोडतो. स्त्रीपर्वात गांधारी रणांगणावर एकेकाचं प्रेत ओळखत जाते, ते आपण मुलांना खुशाल ऐकवतो! मला निवडायचं झालं तर माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाशेजारी बसून मी हा दुसरा खेळ खेळेन.

परवा त्याला विचारलं, आज किती? ‘चौदा फिनिश,’ म्हणाला, आणि पानावर येऊन बसला.