स्पायडर-मॅन धामणगावात किती वेगाने झोके घेतो?

पडदा मधोमध कापलेला असतो. डावीकडे सोनीचं प्लेस्टेशन-४ म्हणजे पीएस-४, उजवीकडे पीएस-५, आणि दोन्हीकडे एकाच गच्चीवरून उडी घेणारा एकच स्पायडर-मॅन. ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन : माइल्स मोरालेस’ हा खेळ १२ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही यंत्रांसाठी एकदमच बाजारात आला आणि अशा तुलनांचं पेवच फुटलं. उजवीकडच्या काचेत समोरची इमारत लख्ख दिसते, डावीकडे नुसतीच धुरकट चमक. उजवीकडे हवी तर सेकंदाला ६० चित्रं, डावीकडे ३०. पीएस-५ सरस, असा निकाल देऊन समीक्षक मोकळा होतो. निकाल चुकीचा नाही, अपुरा आहे. बडनेरा आणि वर्धा यांच्या मधल्या धामणगाव रेल्वेसारख्या गावात हे यंत्र घ्यायचं ठरलं, तर घरात जे प्रश्न निघतात त्यांतला एकही या तुलनेत येत नाही.

आधी यंत्राचं श्रेय यंत्राला द्यायला हवं. खरा फरक चकाकीत नाहीच, साठवणीत आहे. पीएस-४ मध्ये फिरती हार्ड डिस्क, पीएस-५ मध्ये ती नाही. नायक झोके घेत निघाला की पुढचं मॅनहॅटन त्या तबकडीवरून उचलून आणायचं, आणि तबकडीवर शोधाशोध करण्यातच वेळ जातो. म्हणून २०१८ च्या पहिल्या स्पायडर-मॅनमध्ये रस्त्यावरच्या टपालपेटीसारख्या वस्तूंच्या प्रती ठिकठिकाणी साठवून ठेवल्या होत्या. काही वस्तू तर ४०० वेळा साठवलेल्या होत्या, असं पीएस-५ चे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मधल्या भाषणात सांगितलं. नायकाच्या अंगात कितीही बळ येवो, तबकडी जेवढ्या वेगाने शहर पुरवेल तेवढंच त्याने पळायचं. शहराच्या दुसऱ्या टोकाला पटकन पोचायचं असेल तर हा महानायक भुयारी रेल्वेत इतर प्रवाशांशेजारी अवघडून बसलेला दिसे. दृश्य गमतीचं, पण त्यामागे यंत्राची धावाधाव झाकलेली. सोनीने २०१९ मध्ये दाखवलेल्या प्रात्यक्षिकात असा प्रवास पीएस-४ प्रोवर १५ सेकंदांचा होता. नव्या यंत्राच्या नमुन्यावर तो ०.८ सेकंदात आटोपला. याला म्हणतात फरक.

अशी दोन यंत्रांची जोडी आपल्याकडे त्याआधीही येऊन गेली आहे, आणि तीही मुंबईत घडलेल्या खेळाची. शाहरुख खानचा ‘रा.वन’ २६ ऑक्टोबर २०११ ला, ऐन दिवाळीत झळकला. त्याच सुमारास मुंबईच्या ट्राइन कंपनीने बनवलेला त्याचा खेळ सोनीने पीएस-२ आणि पीएस-३ या दोन्हींसाठी आणला. चित्रपटाची गोष्टच मुळी व्हिडिओ गेम बनवणाऱ्या माणसाची आणि खेळातून बाहेर पडलेल्या खलनायकाची. पीएस-२ तेव्हा अकरा वर्षांचं जुनं यंत्र, मेमरी अवघी ३२ एमबी. पीएस-३ कडे ५१२ एमबी आणि ब्लू-रे. कागदावर सामनाच नव्हता. तरी पीएस-२ ला वगळलं नाही, हे शहाणपणाचं होतं, कारण आपल्याकडच्या घरांत तेव्हा तेच यंत्र होतं. ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आणि कबड्डी-पतंगबाजीचा ‘देसी अड्डा’ हे खेळही सोनीने २००९ मध्ये पीएस-२ वर आणले होते. शिवाय ज्या घरात डबा टीव्ही होता, तिथे पीएस-३ सुद्धा पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरीनेच जोडावं लागे. मग कुठलं हाय डेफिनिशन आणि कुठलं काय!

त्या काळात वऱ्हाडातल्या खेळाडूचा खरा शत्रू पडद्यावर नव्हताच. तो भारनियमनाच्या वेळापत्रकात होता. पीएस-२ मध्ये खेळ जपून ठेवायला आठ एमबीचं चिमुकलं मेमरी कार्ड, आणि तेही आपण होऊन सेव्ह केलं तरच. त्यामुळे खेळणाऱ्यापेक्षा शेजारी बसलेल्याचीच जास्त घाई: “अबे सेव्ह कर न पह्यले, लाइन जाते आता!” लाइन गेलीच तर तासाभराची मेहनत मातीत. पण ती परत आली की बटण दाबायचं आणि सुरू व्हायचं. पीएस-३ चं तसं नव्हतं. अचानक वीज गेली की पुढच्या वेळी ते आधी आपली हार्ड डिस्क तपासायला बसे, आणि पोरं पडद्याकडे बघत राहत. पीएस-४ आणि पीएस-५ लाही मधेच बंद पडलेलं खपत नाही. या एका परीक्षेत सगळ्यांत म्हातारं यंत्र पहिलं आलं असतं, पण ती परीक्षा घेतो कोण?

दुसरी परीक्षा मे महिन्याची. पीएस-५ च्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान ५ ते ३५ अंश लिहिलेलं आहे. अकोला, अमरावती, वर्धा या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, म्हणजे नियमाने बघितलं तर उन्हाळ्याच्या सुट्टीत हे यंत्र दुपारी लावूच नये. आणि मुलांना मोकळा वेळ नेमका तेव्हाच असतो. कूलर लावला तर हवा गार होते, पण खोलीत दमटपणा भरतो. वर कापसाच्या गावची धूळ. पीएस-४ चा पंखा तापला की असा घोंघावतो की आजोबा बाहेरच्या खोलीतून काय चाललंय ते विचारतात. इथे मात्र पीएस-५ ला मनापासून गुण द्यावे लागतील: भलाथोरला पंखा, आवाज कमी, आणि आत साचलेली धूळ ओढून काढायला वेगळी भोकं. काचेतल्या प्रतिबिंबापेक्षा ही भोकं वऱ्हाडात जास्त कामाची आहेत.

मग येतो पैशांचा हिशेब. पीएस-५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आलं. डिस्कचा खण असलेलं ४९,९९० रुपयांना, खण नसलेलं ३९,९९० ला. पैसे वाचतात म्हणून दुसरं स्वस्त वाटतं, आणि फसगत तिथेच होते. डिस्क अमरावतीहून किंवा नागपूरहून पिशवीत घालून रेल्वेने आणता येते, मित्राला देता येते, खेळून झाल्यावर निम्म्या-पाऊण किमतीला विकताही येते. खण नसलेल्या यंत्रात खेळ फक्त इंटरनेटवरून उतरतो आणि विकत घेणाऱ्याच्याच नावावर अडकून राहतो. नंतरचा ‘स्पायडर-मॅन २’ नव्वद जीबीच्या आसपास आहे. घर मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर चालत असेल, तर दुसरं काहीही न बघता तो उतरवायला दीड महिना लागेल. आणखी एक गंमत: माइल्स मोरालेसची पीएस-४ ची डिस्क घेतलेल्याला पीएस-५ ची आवृत्ती फुकट होती. पण ती डिस्क घालायला खणच नसेल, तर फुकटचंही मिळत नाही.

‘स्पायडर-मॅन २’ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला तो फक्त पीएस-५ साठी. पीएस-४ ला वगळल्याबद्दल ओरड झाली. तांत्रिकदृष्ट्या ती टिकत नाही, कारण त्यात नायक पंखांवर ज्या वेगाने शहर पार करतो तो जुन्या तबकडीला झेपणारा नव्हे. तक्रार करायचीच तर भाषेची करावी. त्याच वर्षी ‘अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा चित्रपट मराठीतूनही प्रदर्शित झाला, पण खेळातल्या स्पायडर-मॅनला कुठल्याच यंत्रावर मराठी येत नाही.

राहता राहिला प्रश्न घ्यायचं काय याचा. धामणगावातल्या घराने ऐपत असेल तर खण असलेलं पीएस-५ घ्यावं, सोबत चांगला स्टॅबिलायझर घ्यावा आणि मे महिन्यात खेळ रात्री जेवणानंतरच लावावा. पैसे कमी पडत असतील तर चालू स्थितीतलं जुनं पीएस-४ आणि माइल्स मोरालेसची वापरलेली डिस्क. गोष्ट तीच आहे, शहर तेच आहे, झोके तेच आहेत. चार पैसे वाचवायचे म्हणून बिनखणाचं यंत्र मात्र घेऊ नये, दुकानदार कितीही गळ घालो.