शेणाची लाज सोडा, उठा!

कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांतून अभ्यासिकेची वाट तुडवणाऱ्या दूध उत्पादकांच्या लेकरांनो, तुमच्या खोलीचे भाडे कोठून येते? करवीर, पन्हाळा, राधानगरीच्या गोठ्यांतून! तुम्ही साखरझोपेत असता तेव्हा आई शेणाची पाटी डोक्यावर घेऊन उकिरडा गाठते, वैरण घालते, धार काढते, किटली घेऊन दूध संस्थेच्या दारात उभी राहते. दुधाला फॅट किती लागली हे यंत्र सांगते. तिच्या घामाचे माप कोण काढतो? पेंडीचा भाव दुसऱ्याने ठरवावा, दुधाचा दर तिसऱ्याने ठरवावा आणि राबणारीने चुलीच्या धुरात डोळे पुसावेत, हा कुठला न्याय?

पण याहून जिव्हारी लागणारा अन्याय आपण करतो. शिकलो, आणि शेणाचा वास येणाऱ्या त्या हाताची लाज बाळगू लागलो! पंचगंगेच्या स्मशानासाठी होळीला शेणी दान करणाऱ्या कोल्हापुरात शेणाची लाज? ज्या शेणीवर राव-रंक सारखेच निरोप घेतात, ती हलकी कशी?

शेण हे सामर्थ्य आहे. चार-पाच जनावरांचे सुमारे ५० किलो शेण तितक्याच पाण्यात कालवून हवाबंद बायोगॅस संयंत्रात सोडा. हवेविना जगणारे जिवाणू त्यातून दिवसाला सुमारे २ घनमीटर गॅस देतात. सिलिंडरमधल्या पाऊण किलोहून थोड्या अधिक गॅसची धग त्यात असते. शेणी जाळली की नत्र धुरात जाते; संयंत्रातून गेलेल्या शेणाचे नत्र स्लरीत टिकते आणि उसाच्या मुळाशी पोहोचते. एका गोठ्यातून दूध, इंधन आणि खत! ही लक्ष्मी उकिरड्यावर किती दिवस कुजवायची?

एकट्याला जड वाटते? मग १९६३ आठवा. लिटर-दोन लिटर दूध घालणारे हात एकवटले आणि जिल्ह्याचा सहकारी दूध संघ, आपला गोकुळ, उभा राहिला. जे दुधाने घडले, ते शेणाने का घडू नये?

म्हणून तरुणांनो, या रविवारी गावी जा. गोठ्यातले शेण स्वतः मोजा. संस्थेच्या सभेत उभे राहून घरोघरी संयंत्राची मागणी करा. सभासदांच्या वहीत आईचे नाव नसेल तर ते लावून घ्या. तुमचे शिक्षण तिच्या कष्टांवर उभे आहे. ते तिच्या कामी आले नाही, तर त्याचे मोल काय?

उठा! तिच्या डोक्यावरची पाटी उतरवा आणि ताठ मानेने स्वतःच्या हाती घ्या.